जुन्या जीपचे पुढचे हब: खोलणं, मोजणं, बांधणं

टोपी काढायची, बोटानं ग्रीस कोंबायचं, टोपी परत ठोकायची आणि हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या फिरत्या भागाचं, काम झालं म्हणायचं, असं आपल्याकडं सर्रास चालतं. त्या ग्रीसमधलं थोडंसं बाहेरच्या बेअरिंगच्या तोंडाला लागतं. आतल्या बेअरिंगपर्यंत काहीच पोचत नाही, आणि पाणी-चिखल शिरतो तो आतल्या बाजूनंच. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की हब पूर्ण खोलायचा, धुवायचा, मोजायचा, आणि मापात असेल तरच परत बांधायचा. मोजमाप वगळलं तर नवीन बेअरिंग टाकूनही तेच दुखणं पुन्हा येतं.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे. आबांनी सुरू केलं, आता मी चालवते. घरची गाडी महिंद्राची सीजे-थ्रीबी, उंच बॉनेटवाली. शेत गगनबावड्याकडं, त्यामुळं पावसाळ्यात जांभ्याचा लाल चिखल आणि ओढे हे तिचं रोजचंच. मी लिहितेय ते या गाडीबद्दल आणि तिच्याच घराण्यातल्या ड्रम ब्रेकवाल्या जुन्या जीपांबद्दल. तुमच्या गाडीत एखादा भाग वेगळा निघाला तर त्या भागाचं माप घ्या, माझ्या आकड्यावर विसंबू नका.

पाणी आत जातं कसं, ते आधी समजून घ्या. रस्त्यावर चालून हब गरम होतो, आतली हवा फुगते. तसाच गरम हब ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या, म्हणजे हबच्या तोंडाशी पाणी अडवणाऱ्या कडीच्या, कडेतून पाणी ओढून घेते. सील नवं असेल तर ते फार होत नाही. सीलची ओठ कडक झाली असेल, किंवा स्पिंडलवर, म्हणजे हब ज्या पोकळ दांड्यावर फिरतो त्याच्यावर, तिनं चर पाडली असेल, तर प्रत्येक ओढ्याला घोटभर पाणी आत. गाडी मग तशीच उभी राहिली तर त्या पाण्याचा गंज बेअरिंगवर बसतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरात ज्या गाड्या दिवसेंदिवस पाण्यात उभ्या राहिल्या, त्यांचे हब उघडल्यावर कपवर, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर, रोलरच्या अंतरानं ओळीनं गंजाचे पट्टे दिसायचे. अशी गाडी तुमच्याकडं असेल आणि हब अजून उघडले नसतील, तर पुढचं वाचण्याआधीच ठरवून टाका की दोन्ही बाजू उघडायच्या.

खोलण्याआधी दुखणं नक्की कुठं आहे ते बघा. मागच्या चाकांना पुढून-मागून उट्या लावा. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागं प्रॉपेलर शाफ्टवर असतो, तेव्हा त्याच्या भरवशावर गाडी उचलायची नाही. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्या. जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या स्टडला उलटे आटे असतात. नट निघेना म्हणून टॉमीला पाइप लावण्याआधी स्टडच्या तोंडावर एल हे इंग्रजी अक्षर आहे का बघा. मग ॲक्सल उचलून घोडीवर टेकवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

आता चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला, तर तो हबच्या बेअरिंगचा. तसाच राहिला, तर किंगपिनचा, म्हणजे चाक डावी-उजवीकडं वळतं त्या खुंटीचा. ब्रेक दाबला की ड्रम आणि बॅकप्लेट एकमेकांना धरतात, हबचा खेळ बंद होतो, उरतो तो फक्त किंगपिनवर वळणाऱ्या नकलचा. एवढी साधी तपासणी न करता बेअरिंगं बदलणारे मी खूप पाहिलेत. त्यांचं स्टिअरिंग नंतरही थडथडतं, कारण दुखणं किंगपिनच्या शिममध्ये, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्यांत, असतं. दुसरी तपासणी कानापेक्षा हातानं चांगली होते. एक हात पाट्यावर ठेवा, दुसऱ्यानं चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर पाट्यातून तळहाताला कळते.

हत्यारं फार लागत नाहीत, पण एक मात्र हवंच, ते म्हणजे हबच्या नटाचा पाना. विलीजच्या वळणाच्या जीपला तो २ १/१६ इंची षटकोनी लागतो, लांब नळीचा. तो नाही म्हणून छिन्नी-हातोड्यानं नट फिरवतात. त्यानं नटाचे कोपरे जातात, लोखंडाचे कण सुटून ग्रीसमध्ये पडतात, आणि मुख्य म्हणजे छिन्नीनं नट मापात बसवताच येत नाही. उद्यमनगरात कुणाकडंही जाडसर पाइपला तोंड करून असा पाना तयार करून मिळेल. याशिवाय पितळी किंवा तांब्याचा पंच, मायक्रोमीटर, फीलर गेज, आणि मिळाला तर डायल गेज. मापाची साधनं घरात नसतील तर स्पिंडल आणि हब कुठल्याही टर्नरकडं न्या. पाच मिनिटांचं काम आहे, कुणी नाही म्हणणार नाही.

चाक काढा. ब्रेकचे ॲडजस्टर सैल करा, नाहीतर ड्रम लायनिंगच्या कडेला अडकून बसेल. टोपी काढली की शाफ्टचं टोक दिसतं. काही गाड्यांत तिथं सर्कलिप असते, काहींत पिन मारलेला खाचेचा नट. ते काढून ड्रायव्हिंग फ्लँजचे सहा बोल्ट सोडा आणि फ्लँज ओढून घ्या. फ्री व्हीलिंग हब (टू-व्हीलवर शाफ्ट चाकापासून सोडवणारा) बसवला असेल तर तो त्याच जागी बोल्टलेला असतो. फ्लँजच्या मागं पातळ शिम निघाले तर ते त्याच बाजूचे म्हणून पुडीत बांधून नाव लिहून ठेवा. शाफ्टचा खेळ त्यांच्यावर ठरलेला असतो. पुढं वाकवलेला लॉक वॉशर, त्याचा कान सरळ करून बाहेरचा नट, मग वॉशर, मग आतला नट. हब थोडा बाहेर ओढलात की बाहेरचं बेअरिंग हातात येईल, ते मातीत पडू देऊ नका. जुन्या सीजेत ड्रम हबला स्टडनं पक्का असतो, दोन्ही एकदमच निघतात आणि वजन चांगलंच असतं.

ड्रममधली धूळ हवेनं उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ छातीत जायला नको. साबणाच्या पाण्यानं भिजवून फडक्यानं पुसा आणि ते फडकं फेकून द्या.

धुण्याआधी ग्रीस नीट बघा, कारण धुतलं की ही माहिती गेली. दुधाळ, राखाडी झालेलं ग्रीस म्हणजे पाणी शिरलंय. पातळ काळपट आणि गिअर ऑइलचा उग्र वास म्हणजे ॲक्सलच्या नळीतलं सील गेलंय, आणि डिफरन्शियलचं तेल नकलमधून हबपर्यंत पोचलंय. अशा वेळी हबचं सील कितीही चांगलं टाका, महिन्याभरात लायनिंगवर तेल येणार. चिमटीत घेऊन उन्हात धरलेलं ग्रीस चमकत असेल तर तो पोलादाचा भुगा आहे, बेअरिंगच्या आयुष्याचा प्रश्न तिथंच मिटला. लायनिंग तेलात भिजलं असेल तर जाळून-पुसून परत लावू नका, बदला.

बेअरिंग रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये ब्रशनं धुवा. वाळवताना एअर गननं ते गरगर फिरवायचा मोह सगळ्यांना होतो, आमच्याकडच्या पोरांनाही मी सारखी हटकते. कोरडं बेअरिंग त्या वेगात स्वतःला खरवडून घेतंच, आणि पिंजरा फुटला तर रोलर डोळ्यात जाईल. फडक्यावर ठेवून वाळू द्या. मग उजेडात रोलर एकेक करून फिरवत बघा. नुसता करडा रंग चालतो. निळी-तपकिरी झाक म्हणजे बेअरिंग तापलं होतं. नखाला लागेल असा खड्डा, कपवर रोलरच्या अंतरानं पडलेल्या रेघा, सोललेलं पोलाद, यातलं काहीही दिसलं तर कोन (रोलरसकट आतलं कडं) आणि कप जोडीनं बदला. जुन्या कपवर नवा कोन बसवून पैसे वाचत नाहीत.

जुन्या सीजेला आतलं आणि बाहेरचं बेअरिंग एकाच मापाचं असतं. कोन १८५९० आणि कप १८५२०, म्हणजे आतला व्यास १ ५/८ इंच आणि कपचा बाहेरचा २ ७/८ इंच. तुमच्या बेअरिंगवर कोरलेला नंबर मात्र वाचाच, मधल्या काळात कुणी काय बसवलंय ते सांगता येत नाही. दुकानात डब्यावरच्या नावाकडं बघू नका, बेअरिंग हातात घ्या. कोरलेले आकडे सुबक, एकसारखे आहेत का, रोलर एका जिवाचे दिसतात का, हे बघूनच घ्या.

आता मोजमाप. इथं घाई करू नका.

या हबमध्ये कप हबात घट्ट ठोकून बसवलेला असतो, कोन मात्र स्पिंडलवर हातानं सरकतो. हा ढिलाईचा प्रकार नव्हे, मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. हब फिरतो तेव्हा गाडीचं वजन कपच्या सगळ्या बाजूंवरून फिरत जातं. तो थोडासाही सैल असला तर हबात सरकत-सरकत जागा खाऊन टाकतो. कोनवर मात्र वजन कायम खालच्याच बाजूला पडतं. तो अगदी हळूहळू सरकत राहिला तर एकाच ठिकाणी झिजत नाही. म्हणून कपची बैठक दीड-दोन थाऊ (इंचाचा हजारावा भाग) घट्ट हवी, आणि कोन स्पिंडलवर न डुलता हातानं जायला हवा.

कप काढायचा तर हबाच्या आत त्याच्यामागं दोन खाचा असतात. तिथं पंच टेकवून आलटून-पालटून ठोकायचं. एकाच बाजूनं ठोकलंत तर कप तिरका होऊन बैठक खरवडतो. दोन-चार हलक्या ठोक्यांतच निघून आला, किंवा कपच्या पाठीवर आरशासारखी लकाकी दिसली, तर तो हबात फिरत होता हे नक्की.

अशा हबाला आपल्याकडं बैठकीत सेंटर पंचनं टिकल्या मारून कप बसवायची पद्धत आहे. हे मला मुळीच मान्य नाही. कप मग पंधरा-वीस टोकांवर उभा राहतो, ती टोकं ओझ्याखाली दबतात आणि कप पुन्हा फिरू लागतो. शिवाय तो नेमका मध्यावर बसलाय याची खात्री कशी देणार? एक जुने मेस्त्री हब घेऊन आले होते, म्हणाले, "ताई, टिकल्या मारून दे की, चालतंय की समदं." मी त्यांना लेथवर डायल लावून हब फिरवून दाखवला. काटा हलताना बघितल्यावर त्यांनी स्वतःच स्लीव्ह घालायला सांगितलं.

स्लीव्ह घालायचं तर हबाची भिंत तेवढी जाड हवी. भिंत पातळ असेल, तडा असेल, तर दुसरा हब शोधा. जाड असेल तर बैठक मोठी करून पोलादी स्लीव्ह घट्ट दाबायचं, आणि दोन्ही बाजूंच्या बैठका एकाच सेटिंगमध्ये, हब चकमधून न काढता, मापाला आणायच्या. एक बाजू करून हब उलटा धरला आणि दुसरी केली, तर दोन्ही कप एका रेषेत राहत नाहीत, मग बेअरिंग कितीही भारी असलं तरी कुरकुरणार. टर्नरकडं काम देताना हे वाक्य स्पष्ट सांगा. आणि नवा कप आधी विकत घेऊन त्याच्या हातात द्या, पुस्तकातल्या मापाला नको.

स्पिंडलवर मायक्रोमीटर चार ठिकाणी लावा, दोन्ही बैठकांवर आडवा आणि उभा. झीज खालच्या बाजूला जास्त निघते. अंगठ्याच्या नखानं पायरी लागली, तर नुसतं पॉलिश करून भागणार नाही. मग खांद्याकडं बघा, जिथं आतलं बेअरिंग टेकतं. तडा जातो तो तिथल्या गोलाईत, आणि ग्रीसच्या डागाखाली दिसत नाही. आपल्या फाउंड्र्यांच्या गावात तांबड्या-पांढऱ्या डायची तपासणी सहज होते. तांबडी फवारायची, पुसायची, पांढरी फवारायची, तडा असेल तर लाल रेघ वर येते. झिजलेल्या स्पिंडलवर वेल्डिंग चढवून टर्न करून देणारे भेटतील. देऊ नका. वेल्डच्या कडेला पोलाद ठिसूळ होतं, आणि स्पिंडल तुटलं तर चाक ड्रमसकट गाडीच्या पुढं जातं. करूळ किंवा भुईबावडा घाटात ते व्हायला नको. स्पिंडल बदलायचंच.

स्पिंडलच्या पोटात शाफ्टसाठी कांस्याचा बुश असतो, त्याला फारसं कुणी विचारत नाही. फ्री व्हीलिंग हब नसलेल्या जीपमध्ये पुढचा शाफ्ट टू-व्हीलवरही सतत फिरत असतो, म्हणून हा बुश रोजच झिजतो. स्पिंडल सोडताना बॅकप्लेट वायरनं पाट्याला टांगा, ब्रेकच्या होजवर तिचं वजन येऊ देऊ नका. शाफ्ट बुशमध्ये घालून वर-खाली हलवा. डुलत असेल तर गनमेटलचा नवा बुश करून घ्या, शाफ्ट मोकळा फिरेल एवढी फट आणि ग्रीस थांबायला आत तिरकी चर ठेवून.

सील जिथं घासतं तिथं स्पिंडलवर चर पडली असेल तर नवं सील त्याच चरीत बसून गळेल. हबात जागा असेल तर सील एखादा मिलिमीटर कमी आत ठोका, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येते. चर खोल असेल तर पातळ स्लीव्ह चढवा.

बांधायला सुरुवात कप बसवण्यापासून. नवा कप रात्री फ्रीजरमध्ये ठेवा, हब भर उन्हात. ठोकायला जुनाच कप घ्या, पण त्याला आधी ग्राइंडरनं एक आडवी फट पाडून ठेवा, नाहीतर तोच हबात अडकून बसेल. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, बोद आवाजाचा खणखणीत होतो. तरीही आतल्या खाचांतून फीलर गेज घालून बघा. कपमागं सर्वात पातळ पातंसुद्धा शिरता कामा नये.

ग्रीस लिथियमचं, चाकाच्या बेअरिंगचं घ्या. पाट्यांना मारतात ते स्वस्त कॅल्शियमचं चॅसिस ग्रीस शंभर अंशांच्या आसपासच पाघळतं, आणि उतारावर ड्रम सहज तेवढा तापतो. लिथियमचं १८० च्या आसपास जाईपर्यंत पाघळत नाही. दोन जातींची ग्रीसं एकमेकांत मिसळली की पातळ होऊ शकतात, म्हणून जुन्याचा अंशही आत ठेवायचा नाही. तळहातावर गोळा घ्या, कोनची रुंद बाजू त्याच्यावर दाबत ओढा, दुसऱ्या बाजूनं रोलरमधून ग्रीस वर येईपर्यंत. कोन थोडा फिरवा, परत तसंच. हबाच्या पोटात दोन बेअरिंगांच्या मधे निम्मी जागा भरा, निम्मी रिकामी ठेवा. गच्च भरलं तर तापल्यावर फुगलेलं ग्रीस सील ढकलून लायनिंगवर येतं. आतलं बेअरिंग ठेवून सील बसवा, ओठ ग्रीसच्या बाजूला. ओठेला बोटानं ग्रीस लावा, कोरडी ओठ पहिल्याच फेरीत जळते.

हब स्पिंडलवर सरळ चढवा, सीलवर टेकवून लोंबकळत ठेवू नका. बाहेरचं बेअरिंग, आतला नट. आता फ्लँज न लावताच चाक चढवा. फ्लँज नसल्यानं शाफ्ट आणि डिफरन्शियलचा जडपणा हाताला लागत नाही, फक्त बेअरिंगचा लागतो. चाक फिरवत-फिरवत नट आवळत जा, चाक जड होईपर्यंत. फिरवायचं विसरू नका, त्याशिवाय रोलर आपापल्या जागी बसत नाहीत. मग नट एक षष्ठांश फेरा मागं घ्या. नट षटकोनी आहे, तेव्हा एक कड मागं म्हणजे तेवढंच. वॉशर घाला, बाहेरचा नट चांगला आवळा, आणि परत तपासा. बाहेरचा नट आवळला की आट्यांमधली फट संपते आणि आतला नट किंचित आत ढकलला जातो, त्यामुळं आधी बरोबर असलेलं माप आता घट्ट निघू शकतं. डायल गेज असेल तर हब आत-बाहेर ओढून दोन ते चार थाऊ खेळ दिसला पाहिजे. नसेल तर चाक एका बोटानं फिरावं आणि वर-खाली हलवताना खेळ जेमतेम जाणवावा. खेळ अजिबात नसलेलं बेअरिंग जळतं. थोडा जास्त खेळ एकवेळ चालेल. समाधान झालं की वॉशरचा कान नटाच्या कडेवर वाकवा. वापरलेला कान दुसऱ्यांदा तिथंच वाकवू नका, मोडतो.

फ्लँजला नवं कागदी पॅकिंग, शिम होते तसेच, बोल्ट समोरासमोरचे आवळत जा. सैल बोल्टांवर फोर-व्हील टाकलं तर ते कापले जातात. सर्कलिप किंवा पिन, टोपी, ब्रेकचं ॲडजस्टमेंट, झालं.

पहिली फेरी पन्हाळ्याची काढा. वीसेक किलोमीटर, आणि शेवटी चढ. वाघबीळच्या वर गाडी थांबवून दोन्ही हबांना हात लावा. कोमट चालेल. हात टेकवून पाच सेकंदही धरवत नसेल तर नट घट्ट आहे, एक बाजू दुसरीपेक्षा बरीच गरम असेल तर त्या बाजूचं परत बघा. ही तपासणी चढतानाच करायची, कारण उतरताना ब्रेकनं ड्रम तापतो आणि हबचं काही कळत नाही. चारपाचशे किलोमीटर झाले की चाक पुन्हा उचला. नवा कप थोडा बसतो, खेळ वाढलेला असतो, तो काढून टाका आणि फ्लँजचे बोल्ट एकदा आवळा. पावसाळा संपल्यावर आतल्या बाजूनं बॅकप्लेटच्या तळाला बोट फिरवून बघत जा. तिथं ओलसर काळा थर लागला, तर सील गळायला लागलंय, दिवाळीआधी उघडा.